वास थिनरचा, घात हार्डनरचा

गाडी रंगाला घेतली की गॅरेजमध्ये आधी जमिनीवर पाणी मारतात. पंखा बंद होतो, शटर खाली येतं, काचांवर आणि दिव्यांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटतात. ओल्या रंगावर धुळीचा कण बसला तर वाळल्यावर तो पुरळासारखा उठून दिसतो आणि पाणीपेपर मारून तो भाग पुन्हा करावा लागतो. पावसाळ्यात दमट हवेनं रंग पांढरट पडतो, तेव्हा दारं आणखी घट्ट लागतात. रंगाची इतकी काळजी घेणाऱ्या त्या कोंडलेल्या जागेत स्प्रे गन हातात धरून एक माणूस उभा असतो. त्याच्या नाकावर बहुतेक वेळा रुमाल असतो.

डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात धोके पुष्कळ, आणि त्यातले बरेच डोळ्यांना दिसतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, घोडी लावावी, हे हेल्पर म्हणून आलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळतं. ग्राइंडरचं गार्ड काढलं तर फुटलेली चकती कुठं जाईल, पेट्रोलच्या टाकीजवळ किंवा सीएनजीच्या सिलिंडरजवळ वेल्डिंग केलं तर काय होईल, हे उस्तादाला सांगावं लागत नाही. तरीही तो ते करतो, हा भाग वेगळा. पण निदान भीती जागेवर असते. रंगाच्या बाबतीत भीतीच चुकीच्या डब्याकडे वळलेली आहे.

ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात गॅरेजमध्ये नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे एनसी रंग चाले. त्यातला थिनर उडून गेला की रंग वाळला, एवढाच मामला. थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन असले द्रव असतात. त्यांनी डोकं गरगरतं, मळमळतं, आणि ठिणगी पडली तर भडका उडतो. पेंटरच्या मनात ‘थिनर वाईट’ हे तेव्हापासून पक्कं बसलेलं आहे आणि ते खोटंही नाही. पण पुढं मेटॅलिक रंगांच्या गाड्या आल्या, कारखान्यातल्यासारखी चकाकी ग्राहक मागू लागला आणि गॅरेजमध्ये ‘टू-के’ रंग आला. हा नुसता सुकत नाही. त्यात हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया होऊन पॉलियुरेथेनचा कडक थर तयार होतो. ही क्रिया घडवून आणणारी द्रव्यं आयसोसायनेट या कुळातली असतात.

हे नाव बहुतेकांनी एकाच संदर्भात ऐकलेलं असतं: १९८४चा डिसेंबर, भोपाळची वायुगळती. तिथला मिथाइल आयसोसायनेट हा अतिशय चटकन उडून जाणारा द्रव, साधारण ३९ अंशांनाच उकळणारा. हार्डनरमधलं द्रव्य त्याच कुळातलं, पण स्वभावानं वेगळं. ते जड असतं, डबा उघडा राहिला तरी फारसं उडत नाही. म्हणूनच ते निरुपद्रवी वाटतं. त्याला हवेत पोचवते ती स्प्रे गन. जुन्या पद्धतीच्या गनमधून उडालेल्या रंगाचा मोठा हिस्सा पत्र्यावर बसतच नाही, धुक्यासारखा आसपास तरंगतो. त्या धुक्याच्या थेंबांतून आयसोसायनेट श्वासात जातं. धुक्यातला सर्वांत बारीक भाग साध्या उजेडात दिसत नाही आणि त्याचा वास येत नाही. जो वास येतो तो थिनरचा.

धुकं ओसरल्यासारखं वाटलं, वास कमी झाला, की पेंटर मास्क वर करून काम कसं उतरलंय ते पाहतो. ब्रिटनच्या ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ या सरकारी यंत्रणेनं नेमक्या याच सवयीवर बोट ठेवलं आहे. हवा खेचून बाहेर टाकणाऱ्या चांगल्या स्प्रे बूथमधली हवा साफ व्हायला काही मिनिटं पुरतात, पण साध्या बंद खोलीत वीस मिनिटं किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. तोवर मास्क उतरवायचा नाही. याच यंत्रणेच्या म्हणण्यानुसार, आयसोसायनेटयुक्त रंग मारणाऱ्या बॉडी शॉपमधल्या कामगारांना दमा होण्याचा धोका तिथल्या एकूण कामगारवर्गाच्या मानानं ऐंशी पट आहे. आणि हा आकडा बूथ, हवा पुरवणारे मास्क, तपासण्या असं सगळं असलेल्या देशातला. शटर ओढून, रुमाल बांधून काम करणाऱ्या आपल्या पेंटरचा आकडा काय निघेल, याचा अंदाज न बांधलेलाच बरा.

हा दमा येतो कसा, तेही समजून घ्यायला हवं, कारण तो फसवतो. आयसोसायनेट पहिल्या दिवशी सहसा काही जाणवू देत नाही. महिने जातात, कधी वर्षं. मग एखाद्याचं शरीर त्या द्रव्याला शत्रू म्हणून ओळखू लागतं, आणि एकदा ओळख पटली की अगदी थोडी मात्राही पुरते. शेजारच्या गाडीला कोणी दुसरा वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, मारत असला तरी याची छाती आवळते. नुसतं कातडीवर सांडूनही ही ओळख पटण्याला हातभार लागू शकतो, त्यामुळे उघड्या हातांनी हार्डनर कालवणं आणि मग थिनरनं हात धुणं ही दुहेरी चूक. ‘मला वीस वर्षांत काही झालं नाही’ असं उस्ताद सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. ज्यांना झालं ते धंदा सोडून गेले, आता रिक्षा चालवत असतील किंवा गावी असतील. गॅरेजमध्ये उरतो तो न झालेल्यांचाच अनुभव.

दुसरी फसवणूक वेळेची. त्रास पुष्कळदा काम चालू असताना होत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर, नाहीतर मध्यरात्री खोकल्याची उबळ येते. डॉक्टरकडे गेलं तर धूळ, हवाबदल, विडी-सिगरेट यांची चौकशी होते, सिरप किंवा इनहेलर मिळतो. विचारायला हवा तो प्रश्न साधा आहे: गणपतीला गावी गेलास तेव्हा खोकला थांबला होता का? सुट्टीत उतार आणि कामावर परतल्यावर पुन्हा सुरू, ही या दम्याची खूण आहे. नळीत जोरानं फुंकर मारून मोजायचं छोटं पीक-फ्लो मीटर मिळतं. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांतले त्यावरचे आकडे लिहून ठेवले तर छातीच्या डॉक्टरला पुष्कळ कळतं. ओळखायला उशीर करून चालत नाही. लवकर त्या कामातून बाजूला झालेल्या माणसाला बरं होण्याची संधी बरी असते. इनहेलर मारत तिथंच राहिलेल्याचा दमा पुढं कायमचा चिकटू शकतो.

गॅरेजचे स्वतःचे उपायही असतात. त्यातला आवडता म्हणजे गूळ. धुळीच्या कामानंतर गूळ खाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान केंद्रानं १९९०च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून, गुळामुळे फुप्फुसांतली धूळ हलायला मदत होते असं मांडलंही होतं. पण तो अभ्यास कोळशाच्या आणि सिलिकाच्या धुळीचा. शरीरानं एकदा धरलेल्या ॲलर्जीला गूळ काय करणार? रुमालाचंही तेच. अगदी चांगल्या कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्कसुद्धा या कामाला अर्धामुर्धा, कारण कार्ट्रिज संपलं हे एरवी वासावरून कळतं, आणि इथं वासच नाही. दाढी वाढवलेल्या चेहऱ्यावर तर तो नीट बसतही नाही.

खरा उपाय म्हणजे बाहेरची शुद्ध हवा नळीनं आत आणणारा मास्क. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर असतोच, पण त्याची हवा थेट नाकाला जोडता येत नाही. तेलाचा अंश आणि कार्बन मोनॉक्साइड अडवणारी फिल्टरची व्यवस्था मध्ये लागते आणि कॉम्प्रेसर हवा ओढतो ती जागा गाड्यांच्या धुरापासून लांब ठेवावी लागते. खर्च आहे, पण दोन-तीन गॅरेजवाले मिळून एक बूथ चालवू शकतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या, दुकानाला दुकान लागलेल्या वस्तीत तर ते सहज जमावं. कमी दाबाची एचव्हीएलपी गन घेतली तर रंगही वाचतो, आणि हा मुद्दा मालकाला फुप्फुसांपेक्षा लवकर पटतो. ‘आम्ही पाण्याचा रंग वापरतो’ या उत्तरावर मात्र समाधान मानू नये. पाण्याचा असतो तो खालचा बेस कोट, वरचा क्लिअर कोट सहसा हार्डनरचाच असतो.

कायद्यात हे सगळं नाही असं नाही. जुन्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात डॉक्टरनं सरकारला कळवायच्या आजारांची यादी होती आणि आयसोसायनेटची विषबाधा त्यात नावानिशी होती. पण कारखाना म्हणायचं कुणाला? महाराष्ट्रानं २०१५च्या दुरुस्तीत विजेवर चालणाऱ्या जागेसाठी कामगारांची मर्यादा १० वरून २० केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार सुरक्षा संहितेतही कारखान्याची व्याख्या २० वरच आहे. डेंटर, पेंटर, दोन हेल्पर आणि मालक मिळून झाले पाच. युरोपीय संघानं २०२३च्या ऑगस्टपासून असा नियम केला आहे की डायआयसोसायनेटचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर असलेला माल व्यवसायात वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावंच लागतं. तिथं माणसं मोजत बसत नाहीत, डब्यात काय आहे ते बघतात. मला हीच रीत शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे गॅरेजच्या रंगकामाचा बारकाईनं हिशेब ठेवणारी एक जमात आहे, ती म्हणजे विमा कंपन्या. मोटार विम्यात रंगाच्या मालावर ५० टक्के घसारा कापतात आणि बिल एकत्र असेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम मालाची धरतात. इतकं चोख गणित होतं, सर्व्हेअर येऊन फोटो काढून जातो. कॅशलेस यादीत गॅरेज घेताना बूथ आणि हवेचा मास्क आहे का, एवढं त्यानं त्याच फेरीत बघितलं तर कारखाना निरीक्षक जिथं कधीच जाणार नाही अशा पुष्कळ शटरांच्या आत कोणीतरी पोचेल. आणि टू-के रंगाच्या एस्टिमेटमध्ये ‘मास्क व फिल्टर’ अशी ओळ गॅरेजवाल्यानं घातली, तर ती मंजूर करायला विमा कंपनीची हरकत काय असावी?