डॉ. कोटणीस आणि आकडी

परळच्या केईएमवरून जाताना मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. सोलापूरचा हा मुलगा इथल्याच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकला आणि १९३८ साली युद्धग्रस्त चीनला गेला. दिवसरात्र शस्त्रक्रिया, शिकवणे, वर चिनी भाषेत शस्त्रक्रियेच्या पुस्तकाचे लेखन, झोप कुठली? आकडी येऊ लागली तरी काम थांबले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, ३२ व्या वर्षी, तिनेच त्यांना नेले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

वाचकहो, लालबागचे आईबाप आजही मुलीची आकडी लपवतात, कांदा हुंगवतात! त्याने काही होत नाही. रोग्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. जागरण टाळा, गोळी मनाने बंद करू नका. झटका ५ मिनिटांत थांबला नाही, तर थेट इस्पितळ गाठा.