दारातला काळा दगड

मेक्सिकोची चित्रे पाहत होतो. धुमसणारा पोपोकातेपेत्ल पर्वत, जवळच चोलूलाचा प्राचीन पिरॅमिड. धाकटी म्हणाली, "आई, आपल्याकडे का नाही गं असं काही?" मी बाईंच्या ठसक्यात सांगितले, "आहे की! लोणार म्हणजे विझलेला ज्वालामुखीच."

मैत्रिणींनो, मी चुकले होते. वर्गातही चार वर्षे हेच शिकवत होते. एका मुलीने पेपरात 'उल्का' लिहिले, तर मी लाल रेघ मारली!

दिवाळीच्या सुट्टीत मालेगाव-मेहकरमार्गे लोणारला गेलो, तेव्हा वाटाड्याने माझी शिकवणी घेतली. पूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञही याला ज्वालामुखीच समजत. पण इथल्या खडकात प्रचंड आघातानेच होणारी काच सापडली, आणि १९७३ च्या सुमारास उल्केचे म्हणणे पक्के झाले. विवराची रुंदी सुमारे पावणेदोन किलोमीटर!

मग ज्वालामुखी कुठे? पायाखाली! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. आपली कपाशी पिकवणारी काळी माती त्याच खडकाची. लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळाचा दगडही काळाच.

आणि आपल्या बार्शीटाकळीचे कालंका देवीचे देऊळ? लग्न होऊन आल्यापासून मी तिथे ओटी भरते. भिंतीकडे कधी मान वर करून पाहिले नव्हते बाई! तिथला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ चा. परदेशातली चित्रे पाहून हळहळणारी मी!

लोणारला जाणार असाल तर विवरात सकाळीच उतरा, परतताना चढ दम काढतो. साडीवर बूट घालायला लाजू नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर पाणी घ्या. तळ्याचे पाणी खारट. काठाजवळ सासू-सुनेची विहीर आहे, एका बाजूला गोड पाणी, दुसरीकडे खारे म्हणतात. सासूबाईंनी विचारले, "गोड बाजू कुणाची गं?" मी म्हटले, "तुमचीच!" पाणी चढले तर मात्र विहीर दिसत नाही.

शाळा उघडल्यावर वर्गात चूक कबूल केली. ती मुलगी आता पुढच्या वर्गात आहे. तिला बोलावून सांगितले, तर म्हणाली, "बाई, मग माझा एक मार्क?"


मी वहीच्या पानावर तो लिहून, खाली सही करून दिला.