नव्या सायकलचा हरवलेला बोल्ट

धाकट्यासाठी जाड टायरची गिअरची सायकल मागवली. खोक्यातून अर्धवट जोडलेली आली. पाहतो तर हवेच्या नळीचे टोपण नाही, मागचा रिफ्लेक्टर फुटलेला आणि पुढच्या ब्रेकचा एक बोल्टच गायब! शेजारी म्हणाले, "भाऊ, दोन रुपयांच्या वस्तूसाठी कसली तक्रार करता?"

टोपणाचे ठीक आहे. ते फक्त धूळ अडवते. रिफ्लेक्टर मात्र अंधारात मागच्या गाडीला दिसायला हवा. आणि ब्रेकशी तडजोड नाहीच. हाती लागेल तो बोल्ट दामटून बसवला की आटे जातात, वर "तुम्हीच बिघडवली" हे ऐकावे लागते. पायडलचेही तसेच. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नव्या सायकलची क्रँक इथेच वाया जाते. म्हणून पायडलवरची एल आणि आर ही अक्षरे आधी पाहावीत.

मी खोके ठेवले, फोटो काढले, बिलाच्या प्रतीसह दुकानदाराला लेखी कळवले. पोच घेतली. (कारकुनी सवय!) त्याने टोलवाटोलवी केली, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा उल्लेख करून दुसरे पत्र दिले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी पडत नाही.

तिथवर जावे लागले नाही. आठव्या दिवशी बोल्ट आला, रिफ्लेक्टरही आला. तोवर सायकल भिंतीला टेकून आणि पोरगा रुसून! टोपण अजून आलेले नाही.