हिरव्या कुरणांतील धोका



मोकळें कुरण, पोटभर हिरवें गवत आणि त्यांत चरणारा घोडा, याहून घोड्याच्या सुखाचें वेगळें चित्र आपल्या मनांत सहसा येत नाहीं. इंग्लंडांतील एखादें कुटुंब मुलांसाठीं शेटलंड जातीचें तट्टू घेतें आणि घराशेजारच्या कुरणांत सोडून देतें. वसंत ऋतूंत तट्टू गुटगुटीत होतें. घरच्या मंडळींना समाधान वाटतें. मग एके सकाळीं तें पुढचे पाय ताणून, अंगाचा भार मागें टाकून, जागीं खिळल्यासारखें उभें आढळतें. त्याला पाऊल टाकवत नाहीं. या रोगाला लॅमिनायटिस म्हणतात, आणि पुष्कळदां तो गवतांतूनच आलेला असतो.

याचें कारण समजण्यासाठीं त्या तट्टाच्या मूळ ठिकाणाकडे पाहिलें पाहिजे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर वारा फार आणि चारा थोडा. उन्हाळ्यांत अंगावर चरबी सांठवावयाची आणि हिवाळ्यांत ती खर्चून जगावयाचें, असा तेथला क्रम. इंग्लंडांतील पुष्कळ कुरणें मात्र दुभत्या गाईंसाठीं पेरलेलीं; त्यांतील गवतांत साखर अधिक. शिवाय हिवाळ्यांत धनी तट्टावर झूल घालतो, वर खुराकहि देतो. त्यामुळें चरबी चढते, पण उतरत नाहीं. अशा स्थूल तट्टानें साखरेचें गवत खाल्लें, कीं रक्तांतील इन्शुलिन प्रमाणाबाहेर वाढतें, आणि खुराच्या कवचाला आंतल्या हाडाशीं जखडून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुटूं लागतात. रोग बळावल्यास तें हाड खुरांतच खालीं सरकतें.

म्हणून प्रथम हातानें परीक्षा करावी. बरगड्या डोळ्यांना दिसूं नयेत, पण तळव्याला सहज लागाव्यात. आयाळीखालीं चरबीचा कठीण वरवंटा जाणवला, तर तो इशारा समजावा. टेक्सास येथील हेनेके व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८३ सालीं यासाठीं १ ते ९ अशी श्रेणी ठरविली. तींत ५ ही मध्यम स्थिति होय.

चरण्याचे तास कमी केले कीं काम झालें, असें अनेकांस वाटतें. परंतु तट्टू हुषार असतें. वेळ थोडा आहे हें कळतांच तें भराभर खाऊं लागतें. आपल्याकडे मळणीच्या वेळीं बैलाला मुसकें बांधतात. तिकडे तळाशीं लहान भोंक असलेलें मुसकें तट्टाला घालतात. त्यांतून पाणी पितां येतें, पण गवताचीं टोकेंच तेवढीं तोंडांत येतात. मात्र तें दिवसरात्र ठेवूं नये. वेळहि पाहावी. गवत दिवसा उन्हांत साखर तयार करतें आणि रात्रीं वाढण्यांत ती खर्च करतें. म्हणून पहाटेचें चरणें सायंकाळच्या चरण्यापेक्षां बरें. पण रात्रीं दंव गोठलें असेल, तर वाढ थांबून साखर पानांतच राहते. अशा सकाळीं कुरण वर्ज्य करावें.

उपवास मात्र कधींहि घडवूं नये. स्थूल तट्टाची उपासमार झाली, तर अंगची चरबी एकदम रक्तांत उतरून जिवावर बेततें. वजनाच्या शेंकडा १.५ इतका सुका चारा, म्हणजे २०० किलोच्या तट्टाला ३ किलो, रोज मिळालाच पाहिजे. वाळलें गवत कांहीं तास पाण्यांत भिजवून पाणी फेकून दिलें, कीं त्यांतील साखर बरीच कमी होते.

दर पंधरा दिवसांनीं बरगड्यांवरून हात फिरवावा, छातीचा घेर फितीनें मोजावा आणि वहींत टिपून ठेवावा. पाऊल जड पडूं लागलें, तर त्याच दिवशीं पशुवैद्याला बोलवावें. दुसऱ्या सकाळची वाट पाहूं नये.