तीन हिवाळे ज्याने बिअर केली नाही

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलेन नावाच्या ठिकाणी हजारएक वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची मोठी सभा भरत असे. तिथे ठरलेले नियम पुढे लिहून काढले गेले. त्यांची तेराव्या शतकाच्या मध्यातली हस्तलिखित प्रत आजही टिकून आहे. या गुलातिंग कायद्यात धर्माच्या कलमांबरोबर बिअरचीही कलमे आहेत. 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, शेतकऱ्याने बिअर करून ती शेजाऱ्यांबरोबर प्यायची. त्यासाठी निदान तीन घरांनी एकत्र यायचे. दुसरी बिअर नाताळासाठी. ती पवित्र रात्री ख्रिस्ताच्या आणि मेरीच्या नावाने, चांगले पीक आणि शांतता मागत अर्पण करायची. ज्याचे घर बेटावर किंवा दूर डोंगरात असेल त्याला एकत्र जमण्यातून सूट होती, पण बिअर करण्यातून नव्हती. जो चुकेल त्याने बिशपला दंड भरायचा. लागोपाठ तीन हिवाळे ज्याने बिअर केलीच नाही त्याची मालमत्ता जप्त होई, निम्मी राजाकडे आणि निम्मी बिशपकडे. प्रायश्चित्त घ्यायचे नसेल तर त्याला देश सोडावा लागे.

महाराष्ट्रात 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय बिअर करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘करशील तर शिक्षा’ हे आपल्याला माहीत असते, ‘करणार नाहीस तर शिक्षा’ हे ऐकायलाही विचित्र वाटते. त्या समाजात मात्र त्याला अर्थ होता. बिअर करायची म्हणजे घरात धान्य उरलेले हवे, शेजाऱ्यांशी बोलणे हवे आणि सणाला हजर राहायला हवे. स्नोरी स्तुर्लुसोन याने साधारण 1230च्या सुमारास लिहिलेल्या राजांच्या इतिहासात दहाव्या शतकातल्या हाकोन राजाची हकीकत येते. जुना युलचा हिवाळी सण ख्रिस्ती नाताळाच्या वेळी साजरा व्हावा, प्रत्येकाने ठरावीक मापाच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, बिअर करावी आणि ती संपेपर्यंत सण पाळावा, असे त्याने ठरवले होते. म्हणजे सणाचे दिवस पिंपातली बिअर पुरेल तितके.

हे सगळे नुसते जुने असते तर इतिहासाच्या पुस्तकात राहिले असते. पण हेमंत ऋतू लागला की नॉर्वेच्या काही खोऱ्यांतली घरे आजही नाताळाच्या बिअरच्या तयारीला लागतात, आणि त्यांच्या कामाची पद्धत कारखान्याच्या पद्धतीपेक्षा फार निराळी आहे. घरी बिअर करण्याचा छंद आज अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरला आहे. तिथले छांदिष्ट थंडीचे दिवस जवळ आले की मसाल्यांच्या, भोपळ्याच्या, गडद रंगाच्या बिअरचे बेत आखतात, आणि त्यात खरा आनंद आहे. पण त्यांचे माल्ट, कडवटपणा देणारी हॉप्सची फुले आणि यीस्ट दुकानातून येते. नॉर्वेतल्या या घरांत यातले काही ना काही अजून वारशाने येते.

माल्टपासून सुरुवात करू. ट्रॉन्डहाइम शहराजवळ स्ट्योर्डाल हा भाग आहे. तिथले शेतकरी आपले जव आपणच मोडवतात. जव पाण्यात भिजवायचे, जमिनीवर पसरायचे, कोंब फुटू लागले की उलथत राहायचे. दाण्यातल्या स्टार्चची साखर करणारी द्रव्ये तयार झाली, की कोंब पुढे वाढू न देता ते वाळवायचे. त्यासाठी छोटी स्वतंत्र घरे असतात आणि अनेकदा अशी एक इमारत काही शेतकऱ्यांच्या सामायिक मालकीची असते. भोके पाडलेल्या लाकडी फळ्यांवर माल्ट पसरतात आणि खाली अल्डर झाडाची लाकडे जाळतात. धूर थेट दाण्यांतून वर जातो. या कामाला रात्री जागाव्या लागतात, कारण आग जास्त झाली तर सगळे जळते आणि कमी पडली तर माल्टला बुरशी येते. धुराचा वास त्या बिअरला असा काही भिनतो की नव्या माणसाचे पहिल्या घोटाला तोंड वाकडे होते. तिथल्या लोकांना मात्र धुराशिवाय बिअर ही बिअरच वाटत नाही.

दक्षिणेकडच्या व्हॉस भागात रीत वेगळी. तिथे सुरुवात जुनिपरच्या फांद्यांपासून होते. आयुर्वेदात हपुषा म्हणून जी वनस्पती येते तीच ही. फांद्या मोठ्या तांब्याच्या भांड्यात पाण्याबरोबर तापवतात आणि त्याच पाण्यात माल्ट भिजवतात. गाळण्याच्या पिंपाच्या तळाशीही फांद्याच अंथरतात, म्हणजे चव आणि गाळणी दोन्ही कामे एकाच झुडपातून होतात. गाळलेला गोड रस तासन्‌तास उकळतात, तो आटतो, गडद होतो आणि बिअर कडक उतरते. उत्तरेला होर्निंडालमध्ये याच्या अगदी उलट, रस उकळतच नाहीत. तिथली बिअर धान्याच्या चवीची, दाट आणि लवकर पिऊन संपवायची असते. दोन्ही ठिकाणे एकाच किनाऱ्याच्या पट्ट्यातली. ‘नॉर्वेची घरची बिअर’ असे एकच काही नाही, हे या विषयात शिरणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

आता यीस्टकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा तिथे आहे. पश्चिम नॉर्वेत घरोघरच्या यीस्टला ‘क्वाइक’ म्हणतात. बिअर आंबून झाली की वरचा फेस किंवा तळाचा साका काढून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला तोच वापरायचा. दोन खेपांमध्ये काही महिने जात, म्हणून तो वाळवून ठेवण्याच्या युक्त्या निघाल्या. भोके पाडलेला लाकडी ओंडका, गवताच्या पेंढीचे कडे, लाकडाचे छोटे तुकडे एकात एक गुंफून केलेली माळ, तागाचे कापड, अशा वस्तू यीस्टमध्ये बुडवून वाळत टांगत. एखाद्याचे यीस्ट आंबट झाले किंवा मेले तर तो शेजारी जाऊन मागून आणी, आपण विरजण मागतो तसेच. देणाऱ्याला त्यात तोटा नव्हता. उद्या त्याचे बिघडले तर त्याचेच यीस्ट त्याला शेजारच्या घरात सापडणार होते. पिढ्यान्‌पिढ्या यीस्ट टिकले ते एका घराच्या काळजीने कमी आणि या देवाणघेवाणीने जास्त.

यीस्ट रसात घालण्याचा क्षण मोठा मानत. काही ठिकाणी ते घालताना पिंपात तोंड घालून मोठ्याने ओरडायची चाल होती. आरोळी जितकी जोरदार तितकी बिअर जोमदार, अशी समजूत. रुसलेल्या, गप्प माणसाने यीस्ट घालू नये असेही मानले जाई. याला अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण सूक्ष्मजीव डोळ्यांनी दिसत नसताना, एखादी खेप का साधली आणि दुसरी का फसली हे कळायचा मार्ग नसताना, माणसे या क्षणाला किती जपत होती ते त्यातून दिसते.

व्हॉसमध्ये यीस्ट सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या रसात घालतात. बिअरची माहिती असलेला कुणीही हा आकडा ऐकून चमकेल. एल प्रकारच्या बिअरच्या सामान्य यीस्टला 18 ते 22 अंश मानवतात. त्यापुढे फार गेले की बिअरला सॉल्व्हंटसारखा उग्र वास येतो. व्हॉसच्या घरांत रस थंड करायचे यंत्र नव्हते, आणि कोमट रस उघडा ठेवला तर जिवाणू शिरतात. म्हणून गरम असतानाच यीस्ट घालायचे, पिंपाला पांघरुणे गुंडाळायची. दीडदोन दिवसांत मुख्य आंबवण उरकते आणि उग्र वासाऐवजी संत्र्याच्या सालीसारखा सुगंध येतो.

1883मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियान हान्सेन याने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. कारखान्यांना दर खेपेला सारखी चव मिळू लागली, आणि घरचे मिश्र यीस्ट जगभर मागासलेले ठरले. नॉर्वेतही दुकानातली बिअर स्वस्त झाली, जवाची शेते जाऊन गुरांसाठी गवत आले, मद्यपानविरोधी चळवळीने जोर धरला. घरे एकेक करून थांबली. स्ट्योर्डालने आपला माल्ट राखला पण आपले यीस्ट गमावले. तिथे आता बरेच जण पावाचे यीस्ट घालतात.

या जुन्या पद्धतींची नोंद राहिली ती नॉर्वेच्या लोकजीवन-संशोधकांमुळे. 1950च्या दशकात त्यांनी देशभर प्रश्नावल्या पाठवून विचारले: बिअर कधी करता, कशाची, भांडी कोणती, यीस्ट कुठे ठेवता. खेड्यापाड्यांतल्या वृद्धांनी उत्तरे लिहून पाठवली. त्यांच्या आधारे ओड नोर्डलांड याने 1969मध्ये नॉर्वेच्या बिअरपरंपरेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे लार्स मारियस गार्शोल या ओस्लोच्या संगणक-अभियंत्याने हाच धागा उचलला. तो गावोगाव गेला, लोकांबरोबर बिअर करायला उभा राहिला, यीस्टचे नमुने इंग्लंडमधल्या नॉरिचच्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहाकडे पाठवले आणि 2020मध्ये या घरगुती पद्धतींवर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिले. तो व्यावसायिक शास्त्रज्ञ नव्हता, तरीही त्याच्या पायपिटीवाचून पुढचे शास्त्र उभे राहिले नसते असे मला ठामपणे वाटते.

ते शास्त्र आले कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठातून. रिचर्ड प्राइस आणि सहकाऱ्यांनी, त्यांत गार्शोलही होता, 2018मध्ये क्वाइकच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे यीस्ट बिअरच्या ज्ञात यीस्टांमध्ये एक वेगळे कूळ ठरले. त्याला उष्णता आणि अल्कोहोल दोन्ही भरपूर सोसतात. रानटी यीस्ट बिअरला लवंगेसारखा वास देते. क्वाइकमध्ये तो वास निर्माण करण्याची क्षमता नाहीशी झालेली आढळली. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी चवीचे ते उचलले आणि नको ते ओतून दिले, याची ही जैविक खूण आहे. ज्यांनी सूक्ष्मदर्शक कधी पाहिला नाही त्यांनी केलेली ही निवड आहे. मागासलेपणाची खूण समजली गेलेली वस्तू प्रयोगशाळेच्या कसोटीला अशी उतरली.

आता क्वाइक पाकिटात मिळते आणि उष्ण प्रदेशांतल्या छांदिष्टांना ते सोयीचे पडते, कारण थंड खोली लागत नाही. हे चांगलेच झाले. तरी पाकिटातले बहुतेक क्वाइक एकाच वाणाचे असते. घरच्या क्वाइकमध्ये अनेक वाण एकत्र नांदतात आणि खेपेगणिक त्यांचे प्रमाण थोडे बदलते. पाकीट विकत घेतल्याने ती परंपरा जगली असे मी म्हणणार नाही. ती होर्निंडालसारख्या गावांत जगते. तिथे 2016मध्ये शरद ऋतूत घरच्या बिअरचा महोत्सव सुरू झाला आणि वेगवेगळ्या खोऱ्यांतली माणसे आपापली बिअर घेऊन आली.

गोव्यात याच्याशी थेट नाते सांगणारी एक गोष्ट आहे. पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पावाचे पीठ माडाच्या सुरीने, म्हणजे माडीने, फुगवत, आणि इडलीसारख्या सान्नांचेही पीठ तिनेच आंबे. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, सूर मिळेनाशी झाली आणि भट्ट्यांत बाजारी यीस्ट आले. स्ट्योर्डालमध्ये झाले तेच इथेही झाले. फरक इतकाच की नॉर्वेने 1950च्या दशकात वृद्धांना विचारून ठेवले होते.

आपल्याकडेही विचारता येईल. सूर किती वाजता उतरवायची, मडके धुवायचे की नाही, पीठ किती वेळ ठेवायचे, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काय बदलायचे, हे सांगू शकणारे रेंदेर आणि पोदेर गोव्यात आणि कोकणात अजून आहेत. त्यांतले अनेक सत्तरी ओलांडलेले आहेत. ज्याच्या ओळखीचा असा कुणी असेल त्याने येत्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे जावे, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, मापांसकट आणि गावाच्या नावासकट लिहून ठेवावे.