चित्र, कथा आणि माणसांची जवळीक

माणसामाणसांत भाषा, वेश व रीतिरिवाज यांच्या भिंती असतात. त्या ओलांडण्याचे एक जुने साधन म्हणजे कथा आणि ती साकार करणारी कला. वेस्संतर जातक हे याचे बोलके उदाहरण आहे.

वेस्संतर हा दानशूर राजपुत्र. मागेल त्याला देणे हे त्याचे व्रत. दुष्काळाने गांजलेल्या कलिंगच्या लोकांना त्याने पाऊस आणणारा पांढरा हत्ती देऊन टाकला. प्रजा संतापली व त्याला वनवास घडला. वनात जूजक नावाच्या ब्राह्मणाने त्याची मुले जाली व कण्हाजिना मागितली. तीही त्याने दिली. पुढे पत्नी मद्दीचेही दान केले. अखेर सर्व कुटुंब पुन्हा एकत्र येते.

ही कथा सांचीच्या पहिल्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर कोरलेली आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ती इ. स. च्या ५ व्या शतकात रंगवली गेली. भारताबाहेर ईशान्य थायलंड व लाओस येथे ती आजही लोकांच्या जीवनात आहे. तेथील 'बुन फावेत' या उत्सवात कथा रंगवलेला लांबलचक कापडी पट घेऊन गावकरी मिरवणुकीने विहाराकडे येतात. जणू वनवासी वेस्संतराला ते स्वतःच घरी आणतात! मग भिक्षू १३ प्रकरणांची ही कथा वाचतात. पटावरील माणसांचे वेश व घरे मात्र त्यांच्याच मुलखातली असतात. परक्या देशाची कथा स्वतःच्या हाताने रंगवली की ती आपली होते.

पण जवळीक म्हणजे मुकाट संमती नव्हे. मुलांचे दान करणे योग्य काय, हा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याला पडेल आणि पडलाच पाहिजे. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात यवन राजा मिलिंदाने नेमके हेच विचारले आहे. मुले रडत असताना, दुसऱ्याला दुःख देऊन पुण्य कसे लाभेल? भदंत नागसेनांनी आपल्या परीने दानाचे समर्थन केले. उत्तर पटो वा न पटो, दोन संस्कृतींची माणसे एका कथेभोवती बसून मोकळेपणाने बोलली, हे महत्त्वाचे. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) बाबासाहेबांनी उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनांचे नाव आहे. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचाही तेथे सन्मान झाला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रयोग आपल्या विहारातही करता येईल. एक लांब कापड आणावे. वडीलधाऱ्यांनी आपल्या गावाची, स्थलांतराची, शिक्षणासाठी सोसलेल्या कष्टांची कथा सांगावी आणि मुलांनी ती रंगवावी. शेजारच्या अन्य भाषिक, अन्य धर्मीय कुटुंबांनाही बोलवावे व त्यांची कथा त्याच कापडावर त्यांच्या हातून उतरू द्यावी. चित्र साधे असले तरी चालेल. एकमेकांना प्रश्न विचारण्याइतका विश्वास त्यातून निर्माण झाला, तर मैत्री हा शब्द केवळ वंदनेपुरता उरणार नाही.