राशीतील कण आणि राशीचा नियम

मीरा रोड येथील शांती नगरातील एखाद्या वर्गखोलीत हवेच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. त्यांच्या गती अनियमित असूनही दाब स्थिर राहतो. कारण रेणू परस्परांपासून जवळजवळ स्वतंत्र असतात. त्यांच्या संख्येतील आकस्मिक चढउतार तिच्या वर्गमुळाइतकाच, म्हणजे पाच अब्जांत एक, उरतो.

परंतु घटक स्वतंत्र नसतील तर? शेजारच्या भाईंदरच्या मिठागरांतील रास पाहावी. तेथे एक कण घसरला की तो दुसऱ्यास ढकलतो, आणि वर्गमुळाचा आधार सुटतो. अशा व्यवस्थांसाठी १९८७ मध्ये बाक, टांग व विझनफेल्ड यांनी वाळूच्या ढिगाचे प्रतिमान मांडले. चौकटींच्या जाळीवर एकेक कण टाकावयाचा. एखाद्या चौकटीत चार कण झाले की ती कोसळते व चारही शेजाऱ्यांना एकेक कण देते. कडेचे कण बाहेर पडतात. अशा ढिगातील कोसळण्यांना ठराविक असे आकारमान नसते. लहान पुष्कळ, मोठी विरळ, आणि त्यांचे प्रमाण घातनियमाने बांधलेले असते.

या प्रतिमानाचे गणिती मर्म १९९० मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी उलगडले. चौकटी कोणत्याही क्रमाने कोसळल्या तरी अंतिम स्थिती एकच येते. शेजारी केवळ कण देतात, नेत नाहीत. म्हणून भरलेली चौकट स्वतः कोसळेपर्यंत भरलेलीच राहते, आणि प्रत्येक कोसळणे ही ठराविक वजाबेरीज असते. खतावणीतील नोंदींचा क्रम बदलल्याने शिल्लक बदलत नाही, तसेच हे. या एका गुणधर्मातून पुढील गणित शक्य झाले : दीर्घकाळ पुनःपुन्हा येणाऱ्या सर्व स्थिती समसंभाव्य ठरतात, आणि विशाल जाळीत त्यांची संख्या दर चौकटीमागे चारच्या नव्हे, तर सुमारे ३.२१ च्या पटीने वाढते. उरलेल्या स्थिती ढीग कायमच्या मागे टाकतो. धर यांना २०२२ चे बोल्ट्झमन पदक जॉन हॉपफिल्ड यांच्यासह मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

तथापि सूक्ष्म तपशील नेहमीच गौण ठरतो, असे मानणे घाईचे होईल. १९९६ मध्ये ऑस्लो येथे तांदळाच्या ढिगांवर प्रयोग झाले. लांब दाण्यांच्या ढिगात घातनियम आढळला. आखूड, गोलसर दाण्यांच्या ढिगात मात्र आढळला नाही.